बेगमपेठेचा आवाज, शमशाबादचे पाणी

२२ मार्च २००८ च्या रात्री हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरील प्रवासी वाहतूक थांबली, आणि २३ मार्चपासून ती शहराबाहेर शमशाबाद येथे सुरू झाली. हुसेनसागरापासून हाकेच्या अंतरावर असलेली, चोहोबाजूंनी घरे, शाळा, दवाखाने आणि बाजारपेठा यांनी वेढलेली धावपट्टी एका रात्रीत जवळजवळ मूक झाली. पंजागुट्ट्यापासून बोवेनपल्लीपर्यंतच्या वस्तीच्या कानांवरून एक मोठे ओझे उतरले. परंतु हे ओझे उतरविण्यासाठी विमानतळ हलविण्यात आला असे मात्र म्हणता येणार नाही. त्या स्थलांतराच्या कागदपत्रांत प्रवाशांची संख्या होती, धावपट्टीची लांबी होती, करारातील कलमे होती. नागरिकांच्या झोपेचा हिशेब त्यांत प्रमुखपणे कोठे आढळत नाही. नागरी विमान वाहतुकीमुळे जमीन, पाणी, हवा आणि शांतता यांची जी झीज होते ती आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारने काय केले, या प्रश्नाचे उत्तर हैदराबादेत शोधावयाचे ते याच कारणासाठी. येथे पुष्कळशी कामे दुसऱ्याच हेतूने झाली आणि त्यांचा परिणाम पर्यावरणावर घडला. कधी चांगला, कधी वाईट.

विमान आले की नगरीला वैभव येते, ही समजूत या शहरात जुनी आहे. बेगमपेठ विमानतळ आकारास आला तो निजामी राजवटीत, १९३० नंतरच्या दशकात. पुढे १९४५ मध्ये निजाम सरकारचा पुढाकार आणि टाटांचा सहभाग यांतून डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली, आणि महायुद्धानंतर तिची डकोटा विमाने हैदराबादहून इतर शहरांना जाऊ लागली. प्रेम माथुर या भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक. त्यांना नोकरी दिली ती याच कंपनीने. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल विमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळी निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, टपालाची पोती बदलून घेत आणि पहाटेच्या आत माघारी फिरत. या कामातही काही काळ डेक्कन एअरवेजचा वाटा होता. त्या काळी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. औरंगाबाद किंवा परभणीहून राजधानीत कचेरीच्या कामासाठी येणाऱ्या माणसाला बेगमपेठेवरून जाणारे विमान दिसणे हा गावी परतल्यावर सांगण्याजोगा प्रसंग असे. आवाजाची तक्रार कोण करणार? वस्ती विरळ, विमाने दिवसाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तो आवाज म्हणजे प्रगतीची वर्दी.

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन डेक्कन एअरवेज इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. खरा बदल घडला तो १९६४ नंतर. त्या वर्षी कॉर्पोरेशनच्या ताफ्यात कॅरॅव्हेल ही जेट विमाने आली, आणि पुढल्या दशकाच्या आरंभी बोइंग ७३७. पंख्याच्या विमानाचा घरघराट आणि जेटचा चिरत जाणारा ध्वनी यांत जो फरक आहे तो ज्याच्या छपरावरून ती गेली त्यालाच कळावा. ध्वनी डेसिबल या मापाने मोजतात, आणि हे माप सरळ बेरजेचे नाही. दहा डेसिबलने आकडा वाढला की ध्वनीची शक्ती दहापट होते, आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा भासतो. सत्तर आणि साठ यांतील अंतर कागदावर किरकोळ दिसते. रात्री अंथरुणावर ते किरकोळ राहत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीची घटना समजली जाणारी शिकागोची सनद १९४४ ची. तीत पर्यावरणाचा शब्द नाही. युद्धाच्या अखेरीस तो कोणाच्या डोक्यातही नव्हता. जेटयुगाने तो डोक्यात घातला. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सनदेला सोळावे परिशिष्ट जोडले आणि नव्या विमानांच्या आवाजावर मर्यादा घातली. १९८१ मध्ये इंजिनाच्या धुरासंबंधी त्याचा दुसरा खंड निघाला, २०१७ मध्ये कार्बन डायऑक्साइडसंबंधी तिसरा. भारत या संघटनेचा सभासद असल्याने आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हे नियम येथे लागू केले. परिणाम मोठा झाला, पण तो यंत्रावर झाला. आजचे विमान त्या पहिल्या जेटपेक्षा कितीतरी शांत आहे यात शंका नाही. मात्र एका गोंगाट करणाऱ्या विमानाच्या जागी दहा शांत विमाने आली, तर खालच्या माणसाला मिळालेला लाभ कोठे जातो, याचे उत्तर विमानाला दिलेल्या प्रमाणपत्रात नसते.

बेगमपेठेत नेमके हेच घडले. शहर वाढत वाढत धावपट्टीच्या कुंपणाशी येऊन टेकले. त्यातच १९९१ नंतर खासगी कंपन्या, आणि २००० नंतर माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय. अखेरच्या वर्षी या विमानतळाने सत्तर लाखांच्या आसपास प्रवासी हाताळले. एवढ्या लोंढ्यासाठी तो कधीच बांधलेला नव्हता. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने शमशाबादच्या नव्या विमानतळासाठी सवलतीचा करार केला. नवा विमानतळ उघडताच बेगमपेठची व्यापारी वाहतूक बंद व्हावी आणि दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा स्पर्धक उभा राहू नये, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. संसदेच्या स्थायी समितीने जुना विमानतळही चालू ठेवावा असे सुचविले. विमानतळ प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी मार्च २००८ मध्ये देशभर आंदोलन केले. दोन्हींचा उपयोग झाला नाही. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बंद करू नका म्हणणारे आणि बंद करा म्हणणारे, दोघेही पैसा, नोकऱ्या आणि प्रवाशांची सोय यांवर बोलत होते. लाखो लोकांची रात्र शांत होणार होती. ती शांतता वादात कोणाच्याच बाजूने उभी राहिली नाही. ती आपोआप मिळाली.

आणि ती कोणाकडून मिळाली? शहराच्या दक्षिणेस सुमारे साडेपाच हजार एकर जमीन विमानतळासाठी घेण्यात आली. खडकाळ दख्खनी पठार, मधूनमधून शेते आणि लहान तळी, अशी ती जमीन. १९९४ च्या अधिसूचनेने मोठ्या विमानतळांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक केली होती, आणि २००६ च्या अधिसूचनेने ती पद्धत अधिक तपशीलवार केली. म्हणजे बेगमपेठ बांधताना जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो शमशाबादला कायद्याने विचारावा लागला. ही प्रगती लहान नव्हे. पण शमशाबादचा खरा प्रश्न आवाजाचा नसून पाण्याचा होता, आणि तो समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले, आणि त्यांच्या योजनेतून शहराच्या वरच्या अंगाला दोन जलाशय उभे राहिले: १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर. पूर अडविणारी ही धरणे पुढे शहराची तहान भागवू लागली. त्यांच्या पाणलोट क्षेत्रात कारखाने, मोठी हॉटेले आणि दाट वस्ती होऊ नये म्हणून ८ मार्च १९९६ रोजी आंध्र प्रदेश सरकारने १११ क्रमांकाचा आदेश काढला. जलाशयांपासून दहा किलोमीटरच्या आतील चौऱ्याऐंशी गावांवर त्याने बंधने घातली, आणि त्यांत शमशाबाद मंडलातील गावे होती.

या आदेशाची कसोटी लागली ती विमानामुळे नव्हे, एरंडाच्या तेलामुळे. शमशाबाद मंडलातील पेद्दाशापूर येथे एका कंपनीला एरंडेलापासून तेलपदार्थ बनविण्याचा कारखाना काढावयाचा होता. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नकार दिला. अपिलात परवानगी मिळाली. राज्य सरकारनेही कंपनीला दहा किलोमीटरच्या बंधनातून सूट दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ च्या पहिल्या निकालात न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व मांडले: हानी होईलच हे सिद्ध होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, आणि हानी होणार नाही हे दाखविण्याची जबाबदारी कारखाना काढणाराची. डिसेंबर २००० च्या दुसऱ्या निकालाने ती सरकारी सूटच रद्द ठरविली. लाखो लोकांचे पिण्याचे पाणी पणाला लावून सूट देण्याचा अधिकार सरकारला नाही, हा त्याचा आशय होय. भारतीय पर्यावरण कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही आवर्जून शिकविला जातो, आणि त्याची जन्मभूमी म्हणजे विमानतळाचेच मंडल.

त्या निकालानंतर आठ वर्षांच्या आत त्याच मंडलात देशातील एक सर्वांत मोठा विमानतळ उभा राहिला. तो बेकायदा नव्हता. त्याला रीतसर परवानग्या होत्या. पण विमानतळ एकटा कधीच येत नाही. त्यामागून उड्डाणपूल येतात, बाह्यवळण रस्ता येतो, गोदामे, वसतिगृहे, गृहनिर्माण योजना आणि जमिनीचे दलाल येतात. शहरातून विमानतळाच्या दिशेने जाणारा साडेअकरा किलोमीटरांहून लांब उन्नत रस्ता २००९ मध्ये खुला झाला. जमिनीच्या भावांना पंख फुटले, आणि १११ क्रमांकाच्या आदेशाविरुद्धची तक्रार वर्षानुवर्षे वाढत गेली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने नवा आदेश काढून जुनी बंधने सैल केली. शहर आता कृष्णा आणि गोदावरीचे पाणी पिते, त्या दोन जलाशयांवर पूर्वीइतके अवलंबून नाही, हे त्याचे कारण सांगण्यात आले. तेलाच्या एका कारखान्यापुढे टिकलेला बांध शहराच्या विस्तारापुढे टिकला नाही.

आवाजाकडे परत वळू. विमानतळाच्या परिसरातील ध्वनीला स्वतंत्र मर्यादा घालण्यास केंद्र सरकारला २०१८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी निघालेल्या मानकांनुसार वर्षाला पन्नास हजारांहून अधिक विमाने ये-जा करीत असतील तर तो गजबजलेला विमानतळ. त्याच्या परिसरात दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल सरासरी चालेल. त्याहून कमी वर्दळीच्या ठिकाणी ६५ आणि ६०. आता याच देशातील २००० सालचे ध्वनिनियम पाहावेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. विमानतळाशेजारी राहणाऱ्या माणसाला रात्री वीस डेसिबल अधिक सोसावयास सांगितले आहे, आणि विमाने जितकी अधिक तितकी सवलत मोठी! व्यवहाराच्या दृष्टीने यात तथ्य असेल. मोठा विमानतळ पाच डेसिबल कमी करण्यासाठी बंद करता येत नाही. तरी शमशाबादच्या आसपासच्या खेड्यांत जी नवी घरे बांधली जात आहेत त्यांच्या मालकांना हा आकडा कोणी आधी सांगतो काय, हा प्रश्न उरतोच. बेगमपेठेच्या भोवती शहर कसे आवळत गेले ते एकदा पाहून झाले आहे.

नव्या विमानतळाच्या इमारतीबद्दल मात्र चांगले बोलावे असे पुष्कळ आहे. ऊर्जा आणि पाणी यांची काटकसर करणाऱ्या बांधणीसाठी तिला आरंभीच लीड पद्धतीचे रौप्य मानांकन मिळाले. आवारात प्रथम ५ आणि पुढे आणखी ५ मेगावॅटचे सौरवीज संच बसले. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने देशातील विमानतळांना अपारंपरिक विजेवर जाण्याचा आग्रह धरला, आणि २०२४ पर्यंत सत्तरांहून अधिक विमानतळ पूर्णपणे अशा विजेवर चालू लागले. दिल्ली, मुंबई आणि बंगळूर यांच्याबरोबर हैदराबादनेही कार्बनविषयक आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या वरच्या पायऱ्या गाठल्या.

पण येथे आकड्यांची गफलत होऊ देता कामा नये. विमानतळाची वीज म्हणजे दिवे, वातानुकूलन, सरकते जिने. जळते ते विमानात. एक किलो विमान-इंधन जळाले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (वर्गात हे गणित घातले की मुले चक्रावतात: एका किलोतून तीन किलो कसे? हवेतील प्राणवायू त्यात मिसळतो म्हणून.) धावपट्टीच्या कडेला सौरपट्ट्यांची शेते पसरली तरी वर उडालेल्या विमानाच्या टाकीत काही फरक पडत नाही. टाकीतील तेलाचा प्रश्न सरकारच्या हाती कितपत आहे, यावर मग सारे येऊन ठेपते.

या बाबतीत भारत सरकारची भूमिका प्रदीर्घ काळ बचावाची राहिली, आणि ती निष्कारण नव्हती. १९९७ च्या क्योतो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर देशोदेशींच्या हिशेबात न धरता तो विषय आंतरराष्ट्रीय संघटनेकडे सोपविला. संघटना सावकाश चालली. तेव्हा युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे येणाऱ्या सर्वच विमानांवर कार्बनचा आकार बसविण्याचे ठरविले. सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीत सव्वीस देशांनी त्याविरुद्ध जाहीरनामा काढला, आणि भारताने आपल्या कंपन्यांना युरोपला आकडेवारी देऊ नका असे बजावले. ज्यांनी शंभर वर्षे धूर सोडला त्यांनी आता आमच्याकडून पट्टी वसूल करावी हे अन्यायाचे आहे, असा त्यामागील युक्तिवाद. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपने माघार घेतली. त्या दबावातूनच २०१६ मध्ये कॉर्सिया ही जागतिक योजना निघाली: ठरलेल्या पातळीवरील वाढीव धुराची भरपाई विमान कंपन्यांनी अन्यत्र कार्बन वाचवून करावी. २०२१ पासून ती ऐच्छिक होती. भारत तीत येतो तो सक्तीच्या टप्प्यात, म्हणजे २०२७ पासून. देशांतर्गत उड्डाणे तिच्या कक्षेबाहेर आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

घरातल्या घरात जे करता येण्याजोगे होते त्यात आकाशाचा प्रश्न मोठा. हैदराबादभोवती बेगमपेठ, हकीमपेठ आणि दुंडिगल येथे हवाई दलाची ठाणी आहेत. लष्करी आकाशाला वळसा घालून जाणारे प्रवासी विमान तेवढे तेल अधिक जाळते. २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितले की देशाच्या आकाशापैकी साठ टक्केच नागरी विमानांना मोकळे आहे, आणि निर्बंध सैल केल्यास वर्षाला सुमारे हजार कोटी रुपये वाचतील. ही बचत रुपयांत सांगितली गेली. धुराची बचत तीत आपसूक आली. येथेही तीच बेगमपेठची रीत!

दुसरा मार्ग तेल बदलण्याचा. ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडूनहून दिल्लीस गेलेल्या एका विमानाच्या इंधनात रतनज्योतीच्या बियांपासून डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेने केलेले तेल मिसळले होते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या प्रवासी विमानात देशी बनावटीचे जैवइंधन होते, आणि ते सिद्ध करण्यात पुण्याच्याच प्राज कंपनीचा हात होता. मिश्रण एखाद्या टक्क्याचेच. त्याच वर्षी सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के अशी उद्दिष्टे ठेवली. २०२५ मध्ये पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यास वापरलेल्या खाद्यतेलापासून असे इंधन करण्याचे प्रमाणपत्र मिळाले. भज्यांच्या कढईतले तेल विमानात जाणार याचे हसू येईल, पण ते तेल पुन्हा माणसाच्या पोटात जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

याच वेळी सरकारचा दुसरा हात उड्डाणे वाढविण्यात गुंतलेला आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमाने निघाली, आणि त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. अडीच-तीनशे किलोमीटरचे अंतर; ज्या दोन शहरांना निजामाच्या काळापासून आगगाडीने जोडलेले आहे, त्यांच्यामध्ये सरकारी साहाय्याने विमान. ते पंख्याचे होते, लहान पल्ल्यावर जेटपेक्षा पुष्कळ कमी तेल पिणारे, हे खरे. इंधनावरील करही या मार्गांसाठी नाममात्र करण्यात आला. नांदेडच्या रुग्णाला किंवा व्यापाऱ्याला तासाभरात हैदराबाद गाठता आले तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. विमान फक्त मोठ्या शहरांच्या मालकीचे का असावे? मात्र एका खात्याने तेल स्वस्त करावयाचे आणि दुसऱ्याने त्याचा धूर मोजावयाचा, या दोन हातांची गाठ अजून पडलेली नाही. त्या मार्गावरील पहिल्या कंपनीची विमाने २०२२ मध्ये थांबली, ती धुरामुळे नव्हे तर पैशाअभावी. उलट शमशाबादचा व्याप वाढतच गेला. २०२३-२४ मध्ये तेथून सुमारे अडीच कोटी प्रवाशांनी ये-जा केली. बेगमपेठच्या अखेरच्या वर्षाशी तुलना केली तर साडेतीन पट.

बेगमपेठही अगदी निजलेले नाही. हवाई दल तेथे आहे, वैमानिकांचे शिक्षण चालते, आणि दोन वर्षांतून एकदा विमानांचे प्रदर्शन भरते तेव्हा जुन्या वस्त्यांना जुना आवाज पुन्हा ऐकू येतो. ५ मार्च २०२४ रोजी त्याच आवारात विमानतळ प्राधिकरणाच्या नागरी विमान वाहतूक संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. साडेतीनशे कोटींहून अधिक खर्चाची, ऊर्जाबचतीचे पंचतारांकित मानांकन मिळालेली ही इमारत. विमानतळ आणि हवाई मार्ग यांची सुरक्षितता, क्षमता आणि कार्यक्षमता कशी वाढवावी याचा अभ्यास तेथे व्हावयाचा आहे. आकाशातील प्रत्येक वाचलेला वळसा हा वाचलेल्या तेलाचा हिशेब असल्याने, डकोटांच्या जुन्या मैदानावर धुराचा प्रश्नही आता त्या मार्गाने अभ्यासाला आला आहे. ध्वनीच्या नोंदी मात्र शमशाबादलाच घ्याव्या लागतील.